पुलापुरता पुरा बँड

क्लूनार्ड,
११ ऑक्टोबर १९३६

प्रिय कोलमन यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. आत्ता लागत नसले तर बाजूला काढून ठेव, पुढेमागे उपयोगी पडतील. बॉस्टनची थंडी म्हणे थेट छातीत जाऊन बसते, तेव्हा आतून फ्लॅनेलची बंडी घालत जा. तुझी वहिनी ऑनर बरी आहे. फक्त तिचे गुडघे पावसाची बातमी आदल्या दिवशी देतात, आणि इथं पाऊस रोजचाच असल्यामुळे ते कायमच दुखतात. तुझा पुतण्या मॅलकी मजेत आहे, अंगाने भरलाय म्हणतो. माझं म्हणशील तर केस गेले, दात चालले, कान तेवढे शाबूत आहेत. माझ्या मागच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, याचा दोष मी टपालखात्यावर घातलाय. (टपालखातं आता आपलंच असल्यामुळे दोष घरातल्या घरात राहतो.)

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसल्या बसल्या मनाशी मांडून बघितलं, की स्वातंत्र्य नेमकं कितीला पडलं. सगळ्या देशाचं डब्लिनवाले बघून घेतील, मी आपल्या क्लूनार्डपुरतं धरलं. तर गेलं ते असं: दोन कमानींचा एक पूल. पोलीस बराकीचं छप्पर. कर्नलसाहेबांच्या हवेलीच्या सगळ्या काचा, आणि आतला जिना. (जिना आता स्टेशनासमोरच्या हॉटेलात आहे. हॉटेल एकमजली आहे, पण जिना इतका देखणा की लोक वर जाऊन, भिंतीला हात लावून खाली येतात.) टपालपेटीला हिरव्या रंगाचे तीन हात, तरी कोपरे झिजले की आतला राजाचा तांबडा रंग डोकावतोच. हॅन्लीचा ल्यूक आणि टूहीचा ओवेन, एक इंग्रजांशी झालेल्या तहाच्या बाजूचा नि एक विरुद्ध. शाळेत एका बाकावर बसायचे, आता एकाच दफनभूमीत आहेत, मध्ये विधवा डेव्हनीची कबर. आणि एक पितळी बँड. पूल पुन्हा झाला, छप्पर चढलं, ल्यूक आणि ओवेनसाठी दर वर्षी चर्चमध्ये दोन वेगवेगळ्या मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होतात. बँडाचं मात्र काही होईना. त्या बँडाविषयीच लिहायला बसलोय, कारण आपले बँडमास्तर क्विल्टी गेले. गेल्या महिन्यात. तुला बातमी द्यायची तर अशी सरळ द्यायला हवी होती, पण मला मेलं सरळ लिहिता येत नाही.

आलं काय तेही सांगतो, नाहीतर म्हणशील फेस्टस फक्त रडतो. नाण्यांवरचं राजाचं डोकं गेलं आणि पेनीवर कोंबडी आली, पिल्लांसकट. ऑनरला हा बदल मनापासून आवडला. ती म्हणते, राजाने आपल्याला एक अंडं तरी दिलं होतं का. रस्त्यांना आपल्या जुन्या भाषेतली, गेलिक, नावं लागली. ती वाचता येणारा गावात एकटा शाळामास्तर, आणि त्याला रस्ते विचारावे लागत नाहीत. माझ्या शववाहिकेचा घोडा ड्यूक, ही इंग्रज सरदाराची पदवी म्हणून त्याचंही नाव बदलावं असा पंचांनी ठराव केला. पण घोडा नव्या नावाला ओ देईना, आणि मयत दारात असताना घोड्याला गेलिक शिकवत बसायला कुणाला वेळ आहे? चार वर्षांपूर्वी तर सरकारच पालटलं आणि तुमची, तहविरोधी बाजू गादीवर आली. त्यांनी तहावरून झालेल्या आपसातल्या लढाईत काम केलेल्यांना पेन्शन लावलं. तेव्हापासून आपला पूल आपणच उडवला असं लिहून देणारे सात जण झाले आहेत. त्यातला एक त्या दिवशी सबंध वेळ माझ्या परसात पिंपं धूत होता, मीच त्याला लावलं होतं. दुसरा तर आठ वर्षांचा होता. पूल खरा कुणी उडवला हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. पण त्या आठव्या माणसाने अजून काही मागितलेलं नाही, म्हणून मीही गप्प आहे.

तर मास्तर. तुझ्याइतका त्यांना कुणी ओळखत नाही, पण माणूस गेला की ओळखीच्या गोष्टीच पुन्हा सांगाव्याशा वाटतात. सत्तावीस वर्षं इंग्रजांच्या फौजेच्या बँडात, त्यातली निम्मी हिंदुस्थानात. तिथून परत आले ते कडक पाठ, एक पदक आणि तिखटाची आवड घेऊन. (तुझ्या वहिनीच्या बटाट्याच्या रश्श्यात ते स्वतःच्या खिशातली मिरपूड घालत. चौदा वर्षं तिने ते मनाला लावून घेतलं आणि आता रश्श्यात स्वतःच जास्त घालते.) गाढवांना नाचायला शिकवावं तसं त्यांनी आपल्या गावाला वाजवायला शिकवलं. मला नाही, मला फुंक नव्हती, मला म्हणाले, "टार्पी, तुझे कान उत्तम आहेत, तू फक्त ऐक." मी ऐकत राहिलो. इंग्रज शिपाई बराक सोडून गेले त्या दिवसासाठी त्यांनी स्वतः चाल बांधली, आठवतं? सगळ्यांना हवी होती छाती काढून चालायची, ठणठणीत. त्यांनी बांधली संथ. ढोलवाला थेडी नून चिडला, "हाकलतोय त्यांना, निरोप कसला देताय?" तर मास्तर म्हणाले, "जाणाऱ्याला घाई करू नये. आणि आपल्यालाही कुठे पळायचंय?" मधोमध तुझ्या एकट्याच्या कॉर्नेटचा तुकडा, बाकी सगळे गप्प, फक्त ढोल हळूच. स्टेशनाकडे जाणाऱ्या त्या पोरसवदा लेफ्टनंटला वाटलं ही चाल त्याच्या मानासाठीच आहे. त्याने सलाम ठोकला. आणि मास्तरांचा हात! सत्तावीस वर्षांचा शिकलेला हात, आपोआप वर गेला. उलट सलाम. सगळ्या गावाने बघितलं. तो एक सलाम त्यांना पुढे चौदा वर्षं पुरला. तहवाले म्हणायचे म्हातारा मनाने इंग्रज, तहविरोधी म्हणायचे म्हातारा पगाराने इंग्रज. दोन्ही बाजूंचं एकमत झालेला गावातला तो एकच मुद्दा.

त्यानंतर दोन महिन्यांतच बँडाच्या खोलीत काय झालं तेव्हा तू होतासच. लंडनहून आणलेला तह पटलेल्यांची सभा गावात होणार, तिथं बँडाने वाजवायचं की नाही. कॉर्नेटवाला युजीन हेशन ठराव मांडायला उठला, थेडी त्याला बसवायला उठला. मास्तर काठीने टेबल बडवत राहिले, "या खोलीत फक्त सुरावरून भांडायचं!" कोण ऐकतो. ज्याने त्याने हातातलं वाद्य घेतलं आणि चालू पडला. कुणी काही वाटून घेतलं नाही. पण तुला ठाऊकच आहे, कारकून, शाळामास्तर, कापडवाले यांची फुंक नाजूक, त्यांच्याकडे कॉर्नेटं नि ट्रॉम्बोन. खाणीतले आणि भट्टीवरचे गडी दणकट, त्यांच्याकडे ढोल, ताशे, झांजा आणि ते मोठे भोंगे. आणि तह पटला तो नेमका नाजूक फुंकेच्या लोकांना. झालं, सगळा सूर तहाच्या बाजूला गेला आणि सगळा ताल विरुद्ध. कॉर्नेटवाल्यांतला तू एकटा ढोलांबरोबर गेलास. मग लढाई, मग पूल, मग तुझी कैद, मग ती बोट. धक्क्यावर तू मला म्हणालास, "फेस्टस, तुझ्या दुकानाला दोन दारं आहेत. माणसाला एक असावं." आणि कोटाखाली कॉर्नेट धरून वर चढलास. दोन दारं होती, तहवाल्यांना पुढचं नि विरोधकांना परसातलं, म्हणूनच दोन्हीकडची माणसं चौदा वर्षं एका छपराखाली दारू पीत राहिली, एवढं मात्र खरं. मध्ये लाकडाची भिंत असली तरी.

तू गेल्यावरचे सेंट पॅट्रिकच्या सणाचे दिवस तू ऐकलेले नाहीत, ते ऐकायला हवे होतेस. पहिल्या मिस्सेनंतर युजीनची मंडळी रस्त्याने वर जायची. नुसता सूर. खाली काही नाही, जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे आत माणूस नसताना चालू लागले. दुसऱ्या मिस्सेनंतर थेडीची मंडळी खाली यायची. नुसता ताल. धडाम धडाम, आणि भोंग्यांचं हूंऽ हूंऽ, जणू कुणी मोठं सामान हलवतंय. आणि दोन्ही बाजू चाल तीच वाजवायच्या, मास्तरांची! लोक सकाळी सूर ऐकायचे, दुपारी ताल, आणि जेवताना मनातल्या मनात जुळवून घ्यायचे. चौदा वर्षांच्या आतली पोरं तर समजून चालतात की संगीत हे दोन हप्त्यांत येतं. मास्तर खिडकीत बसून दोन्ही ऐकायचे. अर्ध्या चालीनेही त्यांचं बोट खिडकीच्या चौकटीवर चालायचं, उरलेली अर्धी ते बोटाने पुरी करायचे.

मे महिन्यात ते माझ्या दुकानात आले, शवपेटी बघायला. स्वतःची. शिस्तीचा माणूस, आधी माप बघितलं, मग लाकूड ठोकून बघितलं, मग म्हणाले, "झाकणातून वारा येईल." मी म्हटलं, "मास्तर, तक्रार आली तर बदलून देईन." ते हसले नाहीत. म्हणाले, "ऐक, टार्पी. मला कोण खांदा देतो, कोण पुढे चालतो, कशाची फिकीर नाही. एक चाल पुरी वाजवा. डोक्यापासून शेपटापर्यंत. आणि ते जमत नसेल तर मुकाट्याने पुरा. अर्धी वाजवलीत तर मी उठून बसेन. अर्ध्या चाली ऐकून कान किटले माझे." जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "कोलमनचं काही?" मी म्हटलं, बरा असेल. ते म्हणाले, "असेल." आणि पुढच्या दाराने आले होते ते परसातल्या दाराने गेले. हे गावात फक्त तेच करायचे, आणि कदाचित मुद्दाम.

सप्टेंबरात गेले. त्यांची मुलगी डेलिया निरोप घेऊन आली तेव्हा मी तिला शब्द दिला की पुरी चाल होईल. शब्द देताना माणसाला काय लागतं? जीभ. पुढे मात्र मला दोन्ही दारांतून दोन दिवस पळावं लागलं. युजीन (हल्ली परगण्याच्या कचेरीत बसतो, खुर्चीला हात आहेत) म्हणाला, "मृतात्म्याचा मान म्हणून आम्ही तयार आहोत. पण सूर पुढे, ताल मागे, हे शास्त्र आहे." मी हे थेडीला भट्टीवर जाऊन सांगितलं. तो घण खाली ठेवून म्हणाला, "त्या कारकुंड्याला सांग, त्याच्या मागे चालायचं होतं तर इंग्रज काय वाईट होता? तो निदान उंच तरी होता." मी हे युजीनला थोडं धुऊन-पुसून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे काय म्हणाला तो नेमकं?" मी म्हटलं, "तुमची उंची काढली." असं चाललं. मग मीच तोड काढली: युजीनचे पुढे, मध्ये शववाहिका, थेडीचे मागे. थेडीला सांगितलं, "तुम्ही त्यांच्या मागे नाही, मास्तरांच्या मागे." हे त्याला पटलं. म्हणाला, "मास्तरांच्या मागे तर आयुष्यभर चाललोय."

मग झेंडा. पेटीवर झेंडा कुणाचा? आता झेंडा तर दोघांचा एकच, हिरवा-पांढरा-नारिंगी, पण प्रश्न तो पुरवायचा कुणी. दोन्हीकडून एकेक आला. मी दोन्ही एकावर एक घातले आणि दोघांना वेगवेगळं गाठून कानात सांगितलं, "तुमचा वरचा आहे." (दोन्ही माझ्याच दुकानातल्या एकाच ताग्याचे. कुठला वर होता ते मलाही माहीत नाही.) पदकाचं डेलियाने कुणाला विचारलंच नाही. सदऱ्याच्या आत, उजव्या नाही, डाव्या बाजूला लावलं आणि वरून कोटाची बटणं घातली. मला म्हणाली, "फेस्टसकाका, ह्याच्यावर सभा नको." मी झाकण लावलं.

निघालो. आणि चर्चपासून शंभर पावलांत माझ्या अकलेचं पितळ उघडं पडलं. शववाहिका लांबरुंद, वर काळे पिसारे, पुढच्यांना मागचा ढोल ऐकू येईना, मागच्यांना पुढचं कॉर्नेट. सूर वळणाच्या पलीकडे गेला की मग ताल वळणावर यायचा. घरांच्या दारात उभ्या बाया आधी एका पायावर हलायच्या नि मग दुसऱ्या. ड्यूक बिचारा मध्ये, पुढून एक चाल, मागून एक, कुणाबरोबर पाय टाकावा कळेना. शेवटी तो उभाच राहिला, आणि माझ्या उभ्या धंद्यात घोड्याने मला पहिल्यांदा शहाणपण शिकवलं. डेलिया मागच्या गाडीत होती. माझ्याकडे बघितलं नाही. न बघणं इतकं नीट ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. अर्धीही नाही, ही तर दोन अर्ध्यांची ठोकाठोक चालली होती, आणि मला सारखं वाटत होतं की आता झाकण उचललं जाणार.

तसेच पुलापाशी आलो. हा नवा पूल तू बघितलेला नाहीस. परगण्याने बांधायला घेतला दोन गाड्यांचा, अर्ध्यात निधी आटला, झाला एका गाडीचा; आणि त्या एका गाडीलाही माझी शववाहिका रुंद पडते. त्यामुळे आपल्या गावात एक नवीनच रीत पडली आहे. पुलापाशी पेटी उतरवायची, सहा माणसांनी खांद्यावर घ्यायची, पूल पायी ओलांडायचा. रिकामी शववाहिका खालून उतारातल्या पाण्यातून पलीकडे जाते आणि तिथं भेटते. (म्हणजे बघ, तू तो पूल उडवल्यापासून क्लूनार्डचं प्रत्येक माणूस, कर्नलची बहीण धरून, पाण्यावरून माणसांच्याच खांद्यांवरून जातं. या कामाचं पेन्शन मागायला हरकत नाही.) खांदेकरी तीन युजीनचे, तीन थेडीचे, हे ठरलेलंच होतं. पण खाणीतली माणसं ताडमाड आणि कचेरीतली बेतास बात. मास्तर जन्मभर सरळ चालले, पूल मात्र तिरके होऊन ओलांडला.

शववाहिका मधून बाहेर पडली, तशी मधली जागाही गेली. युजीनचे पुलावर चढले, मागून खांदेकरी, त्यांना लागून थेडीचे, आणि त्यांच्या पाठीला सगळा गाव. तेवढ्यात समोरून लोणीवाल्या डेअरीची लॉरी पुलाच्या त्या टोकावर आली. बाहेरगावचा ड्रायव्हर, मयत बघून त्याने टोपी काढली, इंजिन बंद केलं आणि अदबीने तिथंच थांबला. पुढे वाट नाही, मागे वाट नाही. पुढचे दाटले, मागचे खांदेकऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी सरकत पुढे रेटले गेले आणि थेडीचा ढोल युजीनच्या पाठीला जाऊन भिडला.

"ढोल काढ माझ्या पाठीतून."

"तू पाठ काढ माझ्या ढोलातून."

"थेडी, मयत आहे."

"मग वाजव की लेका! चौदा वर्षं झाली, नुसता बोलतोस."

मी अगदी शेजारी होतो, म्हणून शब्दाला शब्द सांगतो. थेडीने ढोलावर हलकी थाप दिली. युजीनच्या पाठीतून ती गेली असणार, कारण त्याने कॉर्नेट तोंडाला लावलं. मग भोंगे आले खालून. मग ट्रॉम्बोन. कोलमन, मी बँडाच्या खोलीत झाडू मारायचो तेव्हापासून ऐकत आलोय, पण ही चाल अशी मी ऐकली नव्हती. दोरीवरच्या कपड्यांत माणूस आला. पुलाखालचं पाणीसुद्धा जरा जपून चालल्यासारखं वाटलं. थेडीचे डोळे मिटलेले, त्याच्या ढोलाच्या कडेवर युजीनची पाठ टेकलेली, आणि डेलिया गाडीतून उतरून चिखलात उभी.

आणि चाल मधोमध आली. तुझ्या तुकड्यापाशी.

सगळे थांबले. कुणी कुणाला खूण केली नाही. चार कॉर्नेटं होती तिथं, चारही खाली आली, अशी सवयीने, जणू तू तिसऱ्या रांगेत उभा आहेस आणि तुला वाट करून द्यायची आहे. फक्त थेडीचा ढोल, हळूच. तुझा सबंध तुकडा त्याने तसाच मोजून काढला. लोकांना वाटलं मौन पाळतायत, सगळ्यांनी टोप्या काढल्या. मी नाही काढली, मी ऐकत होतो. त्या जागेत प्रत्येक सूर जिथल्या तिथं होता, फक्त ऐकू येत नव्हता. मग तुकडा संपला, आणि चारही कॉर्नेटं बरोबर आपल्या ठिकाणी आत आली, चाल शेपटापर्यंत गेली. म्हणजे मास्तरांना पुरी चाल मिळाली असं मी धरतो. डेलियाही तसंच धरते. पण तू ऐकलं असतंस तर तुला कळलं असतं की पुरी नव्हती.

लॉरीवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुठला हो बँड हा?" आणि युजीन नि थेडी, दोघांच्याही तोंडून एकदम आलं, "आमचाच." चौदा वर्षांत दोघांचं जमलेलं ते पहिलं वाक्य.

हे सगळं सांगून मला बढाई मारायची आहे असं तुला वाटेल, तर खरंच आहे, मारायची आहे. दोन सरकारांना जे जमलं नाही ते एका किराणावाल्याने, एका अरुंद पुलाने आणि एका अडाणी घोड्याने करून दाखवलं. त्या संध्याकाळी सगळे माझ्याकडे आले, आणि एकाच दाराने आले. आणखी एक बढाई मारतो, ती तुझ्या वतीने. इतक्या वर्षांत त्या तुकड्याला कुणी हात लावलेला नाही. तालमीत नाही, चेष्टेने नाही, शीळ घालूनसुद्धा नाही. जगाच्या पाठीवर कुणी लावणारही नाही. बाकी काय काय वाटून घेतलं, फाडून घेतलं आपल्या लोकांनी. ती तेवढी जागा तुझी म्हणून सगळ्यांनी राखली. अशी शिस्त इंग्रजांच्या फौजेतही नसेल.

दिवा कमी झालाय, आणि ऑनर म्हणते एवढं लांब पत्र वाचायला बॉस्टनमध्ये कुणाला सवड असेल. तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
फेस्टस टार्पी
(किराणा, मद्य व अंत्यविधी)

ता. क. वर जे एका दाराचं लिहिलं ते त्या संध्याकाळपुरतं होतं. पुढच्याच रविवारी "आमचाच" हे आधी कोण म्हणालं यावरून जुंपली, आणि आता पुन्हा युजीन पुढून येतो नि थेडी परसातून. भिंत जिथं होती तिथंच आहे. मात्र थेडी पलीकडून बोटांनी भिंतीवर ताल धरतो आणि युजीनचा पेला अलीकडे त्याच तालात हलतो. दोघांनाही हे माहीत नाही. मी सांगणार नाही.

आणखी एक. खरं तर याच कामासाठी पत्र लिहायला घेतलं होतं. डेलियाला वर्षश्राद्धाच्या मिस्सेला ती चाल हवी आहे, पुलावरच, खरोखर पुरी. तर ते कॉर्नेट पाठवून दे. पार्सलाने मात्र नको. बोटीत आपटतं, पोचे पडतात, आणि इथल्या जकातीवर थेडीचा भाचा बसतो, तो आतून-बाहेरून फुंकून बघेल. कुणाच्या तरी हाती पाठव. विश्वासाचं कुणी मिळणार नाही, मला ठाऊक आहे. तेव्हा स्वतःच घेऊन ये. पुलाबद्दल कुणी विचारणार नाही, सात जण आधीच आहेत. माळ्यावरची खोली ऑनरने झाडून घेतली आहे. दार कुठलंही वापर.

पाकीट चिकटवणार तेवढ्यात मॅलकीचं पत्र आलं. (तो एप्रिलपासून इंग्लंडात, बर्मिंगहॅमला आहे, मोटारीच्या कारखान्यात. वर लिहायचं राहिलं.) लिहितो की थेडीचे दोन्ही मुलगे आणि युजीनचे दोघे पुतणे त्याच कारखान्यात आहेत, तिथल्या आपल्या चर्चच्या मागे त्यांनी बँड काढला आहे. हॉलचं भाडं दोन बँडांना परवडत नाही म्हणून एकच आहे. दर रविवारी मास्तरांची चाल पुरी वाजवतात. कॉर्नेटचा एकट्याचा तुकडा त्यांच्यात कुणाला येत नव्हता, म्हणून कारखान्यातलाच एक इंग्रज घेतला आहे. बरा वाजवतो म्हणे.